बर्फावरच्या हॉकीचं स्वप्न दाखवा, पण पूर्ण हिशोबासह

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

2025 साली संयुक्त अरब अमिरातीतल्या अल ऐन इथे भारताच्या महिला संघाने आशिया चषक आइस हॉकीत कांस्यपदक जिंकलं. तेव्हापासून संभाजीनगर, लातूर, नांदेडच्या स्केटिंग क्लासवर पालक एकच प्रश्न विचारतात: आमच्या पोराला यात पुढे जाता येईल का? प्रश्न चांगला आहे, त्याला मिळणारी उत्तरं मात्र चांगली नाहीत. अमेरिका-कॅनडातल्या नॅशनल हॉकी लीगचे कोट्यवधींचे करार सांगून चाकांच्या स्केटवरची दोन महिन्यांची शिबिरं ‘आइस हॉकी करिअर’ म्हणून विकली जात आहेत. आम्ही याच भागात स्केटिंग शिकवतो आणि हा खेळ इथल्या मुलांपर्यंत पोहोचावा अशी आमची मनापासून इच्छा आहे. म्हणूनच व्यावसायिक खेळाडूचं आयुष्य कसं असतं, आणि मराठवाड्यातल्या मुलाने त्यातलं काय धरावं, काय सोडावं, हे आपल्या वाचकांपुढे मांडत आहोत.

आधी पैशाचं बोलू, कारण जाहिरातीत तेच आधी असतं. 2025-26 च्या हंगामात या लीगमधला किमान पगार 7 लाख 75 हजार डॉलर होता, म्हणजे साडेसहा कोटी रुपयांच्या पुढे. आकडा खरा आहे. पण लीगमध्ये संघ 32 आणि एका सामन्यात एका संघाचे 18 खेळाडू आणि 2 गोलकीपर. दरवर्षीच्या निवडीला ड्राफ्ट म्हणतात. सात फेऱ्यांत मिळून 224 नावं पुकारली जातात, तीही कॅनडा, अमेरिका, स्वीडन, फिनलंड, रशिया, चेकिया अशा देशांतली, चार-पाच वर्षांची असल्यापासून बर्फावर असलेली मुलं. ड्राफ्टमध्ये नाव आलं म्हणजे गंगेत घोडं न्हालं असंही नाही. त्यातल्या निम्म्याहून जास्त मुलांना वरच्या लीगमध्ये एक पूर्ण हंगामसुद्धा खेळायला मिळत नाही.

अठराव्या वर्षी निवड झालेल्या मुलाचा पहिला करार तीन वर्षांचा असतो आणि बहुधा ‘टू-वे’ असतो. वरच्या संघात असेल त्या दिवसांचा पगार वेगळा, खालच्या अमेरिकन हॉकी लीगमध्ये असेल त्या दिवसांचा वेगळा, आणि हा दुसरा पगार पहिल्याच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतका. त्याच्याही खाली ईसीएचएल आहे. तिथे पगार आठवड्यावर, राहायची सोय संघाकडून, आणि हंगाम संपला की पगार बंद. वरच्या पगारातून कर जातो, एजंटचे टक्के जातात आणि एक हिस्सा ‘एस्क्रो’ म्हणून राखून ठेवला जातो. लीगचं उत्पन्न ठरलेल्या हिशोबापेक्षा कमी भरलं तर तो परत मिळत नाही. अनुभवी खेळाडूला खाली पाठवायचं असेल तर त्याचं नाव आधी 24 तास ‘वेव्हर्स’वर जातं. त्या वेळात दुसरा कोणताही संघ त्याला उचलू शकतो. खेळाडूला विचारत कोणी नाही. अदलाबदलीचा फोन दुपारी येतो, रात्री तो दुसऱ्या शहरात असतो आणि बायकापोरं मागून घर आवरत बसतात. बहुतेकांची कारकीर्द चार-पाच वर्षांत आटोपते. वीस-वीस वर्षं खेळणारी नावं आपल्याला माहीत असतात ती अपवाद असतात म्हणूनच.

मुलींसाठी जानेवारी 2024 मध्ये पीडब्ल्यूएचएल ही व्यावसायिक लीग सहा संघांनिशी सुरू झाली, 2025-26 मध्ये संघ आठ झाले. पहिल्या हंगामात तिथला किमान पगार 35 हजार डॉलर होता. कॅनडा-अमेरिकेतल्या शहरांत एवढ्यात एका माणसाचं जेमतेम भागतं.

आता खेळाडूचा दिवस कसा जातो ते पाहू. 2025-26 पर्यंतच्या हंगामांत ऑक्टोबर ते एप्रिल या काळात 82 साखळी सामने, त्यातले 41 परगावी. सामना संध्याकाळी सातला असेल तर सकाळी साडेदहाच्या सुमाराला अर्धा तास हलका सराव, एकच्या आत जेवण, मग दीड-दोन तास झोप. पाचला पुन्हा मैदानावर. स्टिकला टेप लावणं, ब्लेडची धार तपासणं, सांध्यांचा व्यायाम. सामना संपल्यावर लगेच घरी जाता येत नाही. पायांतला थकवा उतरावा म्हणून दहा-पंधरा मिनिटं सायकल मारावी लागते, खावं लागतं. लागोपाठ दोन दिवस सामने असतील तर त्याच रात्री विमान, हॉटेलात पोहोचायला पहाटेचे दोन, आणि संध्याकाळी पुन्हा खेळ. साखळीनंतर लीगच्या विजेतेपदाच्या स्टॅन्ली कपसाठी चार फेऱ्या, प्रत्येक फेरी सातपैकी चार विजयांची. तो कप उचलणाऱ्या संघाला साखळी सामन्यांवर आणखी 16 विजय मिळवावे लागतात, तेही जूनपर्यंत.

प्रत्यक्ष खेळ वीस-वीस मिनिटांच्या तीन भागांचा. बर्फावर एका वेळी सहा जण, गोलकीपर धरून. पण वीस मिनिटं सलग कोणीच खेळत नाही. खेळाडू उतरतो, 40 ते 50 सेकंद जीव तोडून खेळतो आणि बेंचवर परततो; खेळ चालू असतानाच दुसरा कठड्यावरून उडी टाकतो. याला शिफ्ट म्हणतात. मिनिटभरापुढे शिफ्ट लांबली की मांड्या भरून येतात, गुडघे सरळ होऊ लागतात, आणि गुडघा सरळ झाला की वळायला उशीर होतो. गोल पुष्कळदा अशाच दमलेल्या पायांवर होतो. पुढच्या फळीचा चांगला खेळाडू सामन्यात अशा वीसेक शिफ्ट मिळून 15 ते 20 मिनिटं खेळतो, बचावाचा आघाडीचा खेळाडू 22 ते 25. म्हणून मुलांना मैदानाच्या वीस फेऱ्या मारायला लावून ‘आइस हॉकीचा स्टॅमिना’ होत नाही. 40 सेकंद पूर्ण जोर, दोन मिनिटं विश्रांती, असं आठ वेळा. सुरुवातीला चारच. शेवटच्या वेळी पहिल्याइतका वेग राहिला नाही तर तिथेच थांबायचं.

भारतीय वंशाचे खेळाडू या लीगमध्ये पोहोचले, हे जाहिरातीत असतं आणि ते खरं आहे. रॉबिन बावा 1989 मध्ये वॉशिंग्टन कॅपिटल्सकडून पहिल्यांदा उतरला. मॅनी मल्होत्रा 991 सामने खेळला. जुझार खैरा, अर्शदीप बैन्स ही नावं आपल्या काळातली. पण चौघेही कॅनडात जन्मले, तिथल्याच रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानांवर, घडले. बैन्सची वाट तर मुलांना मुद्दाम सांगावी अशी आहे. ड्राफ्टमध्ये त्याचं नाव कोणीही घेतलं नाही. तो ज्युनियर लीगमध्ये थांबला, 2021-22 मध्ये वेस्टर्न हॉकी लीगमध्ये सर्वाधिक गुण मिळवले, मग व्हँकुव्हरच्या संघाने करार दिला आणि 2024 मध्ये तो वर खेळला. ज्युनियर म्हणजे सोळा ते वीस वर्षांची मुलं. घर सोडून दुसऱ्याच्या घरी राहून, शाळा सांभाळून, रात्ररात्र बसने प्रवास करत खेळतात.

मग मराठवाड्यातल्या मुलाने यात काय पाहायचं? आम्ही दोन उदाहरणं देऊ. जो मलन हा खेळाडू न्यूयॉर्कच्या हेल्स किचन वस्तीत डांबरी रस्त्यावर चाकांच्या स्केटवर हॉकी खेळत वाढला. त्यालाही ड्राफ्टमध्ये कोणी घेतलं नव्हतं, आणि पुढे नॅशनल हॉकी लीगमध्ये 500 गोल करणारा तो पहिला अमेरिकन ठरला. ऑस्टन मॅथ्यूज ॲरिझोनातल्या स्कॉट्सडेलचा. तिथला उन्हाळा आपल्या परभणी-नांदेडइतकाच कडक. 2016 च्या ड्राफ्टमध्ये त्याचं नाव पहिलं होतं आणि पहिल्याच सामन्यात त्याने चार गोल केले. मलनने पाया चाकांवर घातला, मॅथ्यूजने उन्हाच्या प्रदेशात. पण बर्फ दोघांनाही घरापासून जवळ, लहानपणीच मिळाला. मराठवाड्यातल्या मुलाला तो मिळत नाही आणि तिथेच खरी अडचण आहे.

चाकांवर शिकलेलं बरंच काही बर्फावर उपयोगी पडतं. गुडघ्यात वाकून बसणं, एका पायावर तोल, क्रॉसओव्हर म्हणजे वळताना एक पाय दुसऱ्यावरून टाकणं, मान वर ठेवून स्टिक चालवणं. थांबणं मात्र उपयोगी पडत नाही. बर्फावर दोन्ही पाय आडवे फिरवून ब्लेडने बर्फ खरवडत थांबतात. चाक तसं घसरत नाही, ते पकडतं आणि मूल तोंडावर जातं. म्हणून इनलाइनवरची, म्हणजे एका ओळीत चाकं असलेल्या स्केटवरची, मुलं वळसा घेऊन किंवा मागचा पाय घासत थांबतात, आणि बर्फावर गेल्यावर तीच सवय नडते. पहिले चार-पाच तास पकला, म्हणजे खेळाच्या रबरी चकतीला, हातही न लावता फक्त थांबणं शिकवावं. आधी एका पायाने टाच बाहेर ढकलून, मग दोन्ही पायांनी, आणि डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना. जवळजवळ प्रत्येक मुलाची एक बाजू कच्ची असते. ती तशीच राहिली तर पुढे बचावातला प्रत्येक खेळाडू त्याला त्याच बाजूला ढकलतो.

पालकांची आणखी एक फसगत होते. क्लासवर ‘हॉकी’ म्हणून जे शिकवतात ते पुष्कळदा चार चाकं दोन-दोनच्या जोडीत असलेल्या क्वाड स्केटवरचं, आखूड वाकड्या स्टिकचं आणि चेंडूचं असतं. खेळ उत्तम आहे, त्याच्या स्पर्धाही आहेत, पण तो आइस हॉकीचा पूर्वाभ्यास नव्हे. बर्फाच्या जवळचा खेळ इनलाइन हॉकी: एका ओळीत चाकं, लांब स्टिक, पक, चार खेळाडू आणि एक गोलकीपर. पैसे भरण्याआधी यातलं नेमकं काय शिकवणार, हे विचारून घ्यावं.

साहित्यात चुका होतात त्या बहुतेक काटकसरीपायी. ‘पोरगं वाढतंय’ म्हणून दोन नंबर मोठा बूट घेतात. सैल बुटात टाच उचलली जाते, घोटा आत पडतो, आणि मुलाचे पाय कमजोर आहेत असा शिक्का बसतो. आइस स्केट रोजच्या बुटापेक्षा एक ते दीड नंबर लहानच लागतो. उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकावीत आणि गुडघा वाकवला की मागे सरावीत. स्टिक स्केट घातल्यावर हनुवटीपर्यंत, अनवाणी नाकापर्यंत. तिच्यावर लवचिकतेचा आकडा छापलेला असतो. मुलाच्या पौंडातल्या वजनाच्या निम्मा आकडा साधारण बरोबर बसतो. 40 किलोच्या मुलाला 40-45 चा आकडा पुरे. मोठ्यांची 85 ची स्टिक दिली तर ती वाकतच नाही, फटका नुसत्या मनगटाने मारायची सवय लागते आणि ती मोडायला वर्षं जातात. वरच्या दर्जाची एक स्टिक 300 डॉलरच्या पुढे जाते आणि एका फटक्यात तुटू शकते. शिकणाऱ्या मुलासाठी ती घ्यायची मुळीच गरज नाही.

धारेबद्दल थोडं विस्ताराने सांगतो, कारण भारतात इथेच सगळ्यात जास्त बिघडतं. आइस स्केटचं ब्लेड सुमारे 3 मिलिमीटर जाड असतं, पण सुरीसारखं एका धारेचं नसतं. त्याच्या लांबीभर मधोमध गोलसर खाच असते आणि तिच्यामुळे आतली व बाहेरची अशा दोन कडा तयार होतात. खाचेची गोलाई इंचात सांगतात. अर्धा इंच सर्वसाधारण. गोलाई कमी, म्हणजे तीन अष्टमांश इंच, तर खाच खोल आणि पकड जास्त. पाच अष्टमांश किंवा पाऊण इंच घेतली तर खाच उथळ आणि घसरण जास्त. हलक्या मुलाला पकड लागते, वजनदार माणसाला उथळ खाच चालते. धार लावल्यावर दोन्ही कडा समान उंचीच्या आहेत का, हे ब्लेडवर आडवं नाणं ठेवून पाहतात. नाणं एका बाजूला कललं तर धार परत लावून घ्यायची. तशा स्केटवर मूल एकाच बाजूला घसरत राहतं आणि दोष मुलावर येतो. साध्या धारवाल्याच्या चाकावर हे काम होत नाही. तिथे खाच सपाट होते आणि ब्लेड वाया जातं. वापरानंतर ब्लेड कोरडं पुसून कापडी आवरणात ठेवावं. प्लास्टिकचं कडक आवरण फक्त चालण्यापुरतं; त्यात ओलं ब्लेड राहिलं तर रात्रीत गंज धरतो.

इनलाइनच्या चाकांचंही तसंच. गुळगुळीत हॉलसाठी 74 ते 76 ए कडकपणाची मऊ चाकं, उघड्या काँक्रीटवर 82 ते 85 ए. मऊ चाकं आपल्याकडच्या तापल्या काँक्रीटवर काही आठवड्यांत झिजतात. आतली बाजू आधी झिजते, म्हणून चाकं डाव्या-उजव्या पायांत अदलून उलटी बसवावीत. बेअरिंग पाण्याने धुऊ नये.

दुखापतींबद्दल जाहिरातीत अवाक्षर नसतं. पक म्हणजे 3 इंच व्यासाची, 1 इंच जाडीची, 156 ते 170 ग्रॅमची कडक रबरी चकती. उडू नये म्हणून सामन्याआधी गोठवतात. मॅनी मल्होत्राच्या डोळ्याला 2011 मध्ये पक लागला आणि त्याची दृष्टी कायमची अधू झाली. ऑक्टोबर 2023 मध्ये इंग्लंडमधल्या सामन्यात ॲडम जॉन्सनच्या गळ्याला दुसऱ्याच्या स्केटचं ब्लेड लागलं आणि तो वाचला नाही. त्यानंतर आंतरराष्ट्रीय संघटनेने आपल्या स्पर्धांत गळ्याचं संरक्षक सक्तीचं केलं. नॅशनल हॉकी लीगमध्ये नव्या खेळाडूंना ही सक्ती 2026-27 पासून. मारामाऱ्यांसाठी ओळखला जाणारा डेरेक बुगार्ड 2011 मध्ये अवघ्या 28 व्या वर्षी गेला. तपासणीत त्याच्या मेंदूत वारंवार मार बसल्याने होणारा आजार आढळला. गोलकीपरच्या खुब्याचे सांधे गुडघे आत टेकवून बसण्यामुळे लवकर झिजतात.

डोक्याचा मार चाकांवरही तितकाच बसतो, त्यामुळे हे आपल्यालाही लागू आहे. पडल्यावर मूल गोंधळलं, मळमळलं, उजेड सहन होईना, तर त्या दिवशी खेळ बंद आणि डॉक्टरकडे. ‘काही नाही झालं, ऊठ’ म्हणायचं नाही. एक-दोन दिवस विश्रांती, मग चालणं, मग हलकं स्केटिंग, मग स्टिकचा सराव, मग डॉक्टरांच्या परवानगीने धक्काबुक्कीचा सराव, शेवटी सामना. प्रत्येक पायरीला किमान 24 तास, आणि त्रास परत जाणवला की एक पायरी मागे. मोठा आपटा खाल्लेलं हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी पुन्हा वापरू नये.

भारतात आइस हॉकीची व्यावसायिक लीग नाही. राष्ट्रीय संघातले बहुतेक खेळाडू लडाखचे. पुरुषांत अनेकांचं पोट लष्कर किंवा भारत-तिबेट सीमा पोलीस दलाच्या नोकरीवर चालतं, आणि खेळाडूंना खरा आधार तोच आहे. नैसर्गिक बर्फ तिथे डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी, जेमतेम दोन महिने. लेह 3,500 मीटर उंचीवर आहे. शिबिराला नेलेल्या मुलांना पहिले दोन दिवस स्केट घालू देऊ नयेत, नुसतं राहू द्यावं, भरपूर पाणी पाजावं. जो आयोजक उतरल्या दिवशी सराव लावतो त्याच्याकडे मूल सोपवू नये. महाराष्ट्राच्या मुलांनी खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांत बर्फावरच्या स्केटिंगमध्ये पदकं मिळवली आहेत. चाकांवर वेगाने धावणाऱ्या मुलासाठी शॉर्ट ट्रॅक, म्हणजे बर्फावरची वेगाची शर्यत, ही हॉकीपेक्षा जवळची वाट असू शकते, पालकांनी तिचाही विचार करावा.

संभाजीनगरला आइस रिंक व्हावी अशी मागणी आता ऐकू येते. तिला आमचा विरोध आहे. रिंकच्या काँक्रीटखाली नळ्यांचं जाळं असतं, त्यातून शून्याखालचं द्रावण बारा महिने फिरवून वरचा अडीच-तीन सेंटिमीटर बर्फ उणे 4 ते 6 अंशांवर धरावा लागतो. बाहेर 42 अंश असताना दार उघडलं की दमट हवा आत येते, धुकं धरतं, बर्फ मऊ पडतो. बर्फ सारवायच्या यंत्राला एका फेरीत 400 ते 500 लिटर गरम पाणी लागतं आणि एका सामन्यात तीन-चार फेऱ्या होतात. जिथे उन्हाळ्यात गावोगाव टँकर फिरतात तिथे हा खर्च कोणी करू नये. देहरादूनला 2011 मध्ये बांधलेली रिंक कित्येक वर्षं बंद पडून होती आणि 2025 मध्ये पुन्हा सुरू झाली. तिथे, गुरुग्रामला किंवा लेहला वर्षातून पंधरा दिवस मुलं पाठवण्याचा खर्च रिंकच्या विजेच्या बिलापुढे किरकोळ आहे.

लागतं ते वेगळंच. बॅडमिंटनच्या लाकडी कोर्टवर चाकं चालू देत नाहीत, ते योग्यच आहे. प्रत्येक जिल्हा क्रीडा संकुलात 40 बाय 20 मीटरचा छपराखालचा काँक्रीटचा एक चौक द्यावा. पृष्ठभाग मशीनने घासून गुळगुळीत केलेला, जोडाच्या भेगा भरलेल्या, कोपरे गोल, भोवती मीटरभर उंचीचा कठडा, आणि कठड्याच्या आतल्या बाजूला बोल्टचं डोकं बाहेर राहिलेलं नसावं. रोज संध्याकाळी खेळ सुरू होण्याआधी ओल्या फडक्याने धूळ पुसायला एक माणूस नेमावा. बाकीच्या वेळी तिथे इतर खेळ होऊ शकतात. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे ही मागणी आम्ही लेखी करत आहोत. आपल्या दैनिकाने ती उचलून धरावी, ही विनंती.

आपले,
मराठवाड्यातील काही स्केटिंग प्रशिक्षक,
छत्रपती संभाजीनगर